ऐकू आलं तेवढंच

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहून घेतली. त्या विधिमंडळात लघुलेखक होत्या. सभागृहाच्या मधोमध एक ठेंगणं टेबल असे. तिथे बसायचं आणि जो बोलेल त्याचा शब्दन्‌शब्द लघुलिपीत उतरवायचा. दहा मिनिटांची पाळी. दहा मिनिटं झाली की पुढची लघुलेखक येऊन शेजारी बसे, आणि वाक्य अर्ध्यात असलं तरी पहिलीने उठायचं. मग वरच्या खोलीत जाऊन तेच टाइप करायचं, तोवर परत पाळी.

संध्याकाळी सभासद त्या खोलीत डोकवायचे. दुपारी तावातावाने बोललेलं संध्याकाळी अंगाशी येणार असं दिसलं, की यांना बाईंची आठवण. एकदा एक ज्येष्ठ सभासद आले आणि खुर्ची ओढून अगदी घरच्यासारखे बसले. म्हणाले, "बाई, मी त्यांना 'चोर' म्हटलं नाही हो. 'थोर' म्हटलं."

सासूबाई म्हणाल्या, "साहेब, थोर म्हटल्यावर कुणी चप्पल काढत नाही. तुम्ही अध्यक्षांना सांगून तो शब्द काढून टाका. काढलेला चालतो. बदललेला चालत नाही."

हा किस्सा त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सांगितला, आणि तेव्हाच मी ओळखलं की या बाईंशी थापा मारून चालणार नाही.

इतकं राजकारण कानावरून गेलेलं, पण स्वतःचं मत म्हणून त्या काही बोलत नसत. कुणाला मत दिलं हे सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. जेवताना सासरे आणि माझा नवरा पक्षांवरून हमरीतुमरीवर आले, की त्या म्हणायच्या, "मत पेटीत टाकायचं असतं, ताटात नाही. जेवा."

निवृत्त झाल्या, पुढे सासरे गेले, आणि मग हळूहळू त्यांचा डावा कान गेला. उजवाही धड नव्हता. कानाचं यंत्र आणलं, पण ते मधूनच शीळ घाली आणि त्या दचकून स्वयंपाकघराकडे बघत, कुकर चढवलाय की काय म्हणून. आयुष्यभर जिच्या कानांवर सभागृह चालायचं, तिला आता दारावरची बेल ऐकू येईना. त्या हसण्यावारी न्यायच्या. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की यंत्र काढून पदराच्या टोकात बांधून ठेवायच्या, ते मी पाहिलंय.

रोज सकाळी त्या दोन वर्तमानपत्रं वाचत आणि एका वहीत काहीतरी लिहीत. तेही लघुलिपीतच. घरात कुणाला ती वाचता येत नाही. माझ्याबद्दल त्यात काय काय असेल ते असो. मी एकदा विचारलं, "आई, काय लिहिता एवढं?" तर म्हणाल्या, "अगं, एकतीस वर्षं सगळ्या जगाचं लिहिलं. माझं स्वतःचं एक वाक्य कुठे नाही. आता लिहायला बसते तर काय लिहावं सुचत नाही. मग भाजी काय आणली ते लिहिते."

मंगळवारी मात्र त्या ठरलेल्या वेळी घराबाहेर पडत. आमच्या रस्त्याच्या टोकाला नगरपालिकेचा छोटा दवाखाना होता. दोन खोल्या, एक ओटा, बाहेर बाक. तिथे दर मंगळवारी रक्तदाब बघत आणि महिन्याच्या गोळ्या देत. औषधं देणारे कंपाउंडर तिथे बावीस वर्षं होते. आख्खा परिसर त्यांना गोळीमामा म्हणायचा. मामा सासूबाईंसाठी मुद्दाम मोठ्याने बोलत आणि इतक्या मोठ्याने बोलत, की बाकावरच्या सगळ्यांना त्यांचा रक्तदाब पाठ होता.

आता नवऱ्याबद्दल. तो एका छापखान्यात होता. छापखाना बंद पडला आणि दीड वर्षं तो घरी बसला. माणूस घरी बसला की घराच्या भिंती जवळ येतात. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते, म्हणून चूल पेटत होती, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग आमच्या भागाच्या नगरसेवकांनी त्याला आपल्या कार्यालयात घेतलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. माझ्या नवऱ्याचं अक्षर चांगलं, भाषा चांगली. लोकांचे अर्ज, भाऊंची पत्रकं, सभेचं इतिवृत्त हे सगळं त्याच्याकडे आलं. तो पुन्हा ताठ चालायला लागला. इस्त्रीचा सदरा घालून निघायचा. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "चला, पोरगा माणसांत आला." त्यांना त्याचं कौतुकच होतं. लिहिण्याचं काम होतं ना.

मग दवाखान्याची गोष्ट निघाली. जागा मोक्याची होती. तिथे मोठी इमारत बांधायची, खाली दुकानं, वर नवा दवाखाना, असं काहीतरी ठरत होतं. लोक कुरकुरायला लागले, तेव्हा भाऊंनी शाळेच्या सभागृहात नागरिकांची सभा बोलावली. सासूबाईही सभेला निघाल्या. पर्समध्ये वही आणि दोन्हीकडून टोक काढलेल्या दोन पेन्सिली. मी म्हटलं, "आई, तिथे कुणी तुम्हाला लिहायला सांगितलं नाही."

"नुसतं बसून ऐकायची सवय नाही गं मला," त्या म्हणाल्या. "हात रिकामा असला की कानात काही शिरत नाही."

मी त्या दिवशी कामावर होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा प्रश्न त्या सभेत कोण होतं आणि कुणाला काय ऐकू आलं याचाच झाला.

सभेनंतर दोन महिने काही घडलं नाही. मग एका सोमवारी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून दवाखाना इथून बंद. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं पाच किलोमीटर लांबच्या केंद्रावर. खाली एक ओळ होती, की नागरिकांच्या सभेत उपस्थितांनी स्थलांतराला संमती दिली आहे.

त्याच दुपारी गोळीमामा आमच्या घरी आले. बरोबर दवाखान्यातल्या सिस्टर. "बाई," ते म्हणाले, "भाऊ त्या दिवशी सगळ्यांसमोर काय म्हणाले होते? नवी इमारत होईपर्यंत दवाखाना हलणार नाही, म्हणाले होते ना? आता म्हणतात मी असं बोललोच नाही. इतिवृत्तात तसं काही नाही म्हणतात. तुम्ही लिहीत होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला."

सासूबाईंनी वही आणली, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. मी चहा ठेवायचं सोडून दारात उभी राहिले. त्यांचा वाचतानाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. सपाट, चढउतार नसलेला. कुणाचीही बाजू न घेणारा.

"'मी आज इथे शब्द देतो. नवी इमारत उभी राहीपर्यंत हा दवाखाना इथून हलणार नाही.'" मामांनी सिस्टरच्या हातावर टाळी दिली. सासूबाई वाचतच होत्या. "'...' इथे पाच-सहा शब्द ऐकू आले नाहीत. पुढे, 'तर मंडळी, आता आपण रस्त्याच्या विषयाकडे वळू.'"

"ऐकू आले नाहीत म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या यंत्राने शीळ घातली. लोक टाळ्या वाजवत होते. भाऊंचे ओठ हलले ते दिसले. शब्द मिळाले नाहीत. तिथे टिंबांची खूण केली आहे."

मामा हसले. "अहो बाई, ती टिंबं सोडून द्या ना. वचन आलंय तेवढं टाइप करा, खाली सही करा. आम्ही मोठ्या साहेबांकडे अपील करतो."

"टिंबं आहेत तर टिंबं येणार, मामा."

"पण त्यामुळे ते म्हणतील, की..."

"म्हणू देत," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या टाइपरायटरवर ते पान टाइप केलं. अक्षरं सगळी एका ओळीत नव्हती, पण खाडाखोड नव्हती. नवरा घरी आला तेव्हा पान टेबलावर होतं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं आणि बूट न काढताच बसला.

"आई, हे कुणाला देणार आहेस?"

"मामांना."

"तुला कळतंय का? इतिवृत्त मी लिहिलंय. खाली माझी सही आहे."

"मला माहीत आहे."

"मग माझ्याच आईने माझ्याविरुद्ध..."

"मी तुझ्याविरुद्ध लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलेलं आहे. तू तसं का नाही लिहिलंस, ते तू सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? आमच्या मुलीचं शिक्षण दुसऱ्या शहरात चाललं होतं. ते दीड वर्ष मला आठवत होतं. मी म्हटलं, "आई, जरा विचार करा," आणि म्हणताक्षणीच मला माझी लाज वाटली.

तो म्हणाला, "तुला धड ऐकू येत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही तुला. तू भर सभेतलं काय लिहून घेणार?"

हे त्याने मोठ्याने म्हटलं, त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून तर विचारते. तू पहिल्या रांगेत होतास. टिंबांच्या जागी भाऊ काय म्हणाले?"

"मला आठवत नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

त्या रात्री टेबलावर तीन ताटं होती आणि जेवलं कुणीच नाही.

अपील नगरपालिकेच्या मोठ्या अधिकाऱ्यांसमोर होतं. मी रजा घेऊन सासूबाईंबरोबर गेले. लांबट खोली, एका बाजूला फायलींची कपाटं, खिडकीत कुंडीतला वाळलेला गुलाब. समोर भाऊंचा वकील, त्याच्यामागे माझा नवरा फायली घेऊन. आई एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या, मध्ये सहा फुटांचं टेबल. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने सासूबाईंना पाणी विचारलं, किती वर्षं नोकरी केली ते विचारलं आणि म्हणाला, "तुमची नोंद सुरेख आहे. आमच्या कार्यालयात अशी कुणी नाही." मग वकील उठला. तोही नम्रपणेच बोलला.

"आजी, तुम्ही कानाला यंत्र लावता?"

"हो."

"त्या दिवशी ते बिघडलं होतं?"

"शीळ घालत होतं."

"वचनाच्या लगेच पुढे काही शब्द होते, जे तुम्हाला ऐकू आले नाहीत?"

"हो."

"त्यांत 'शक्य झालं तर' हे शब्द असू शकतील?"

मामा खुर्चीतून अर्धे उठले. मी सासूबाईंकडे पाहत होते. नुसतं 'नाही' म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं. खोलीतल्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं.

"असू शकतील," त्या म्हणाल्या.

"म्हणजे वचन बिनशर्त होतं असं तुम्ही सांगू शकत नाही?"

"मला जे ऐकू आलं ते मी सांगू शकते. नाही आलं ते नाही."

संपलं. अधिकाऱ्याने चष्मा काढून डोळे चोळले, आणि मला वाटतं त्यालाही वाईट वाटलं. आठ दिवसांनी निकाल आला, की नोंद अपूर्ण असल्याने ग्राह्य धरता येत नाही.

सुनावणीच्या दिवशीच बाहेर जिन्यात गोळीमामा थांबले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुमचा खरेपणा तुम्हाला लखलाभ. म्हातारी माणसं पाच किलोमीटर जातील आता. त्यांना सांगा टिंबांचं." आणि निघून गेले.

मला खरं तर त्यांचंही पटत होतं. पण प्रयोगशाळेत नमुना कमी पडला की आम्हाला 'नमुना अपुरा' असंच लिहावं लागतं. रोग्याचे नातेवाईक कितीही रडले तरी अंदाजाने आकडा टाकता येत नाही. बाईंनी दुसरं काय केलं होतं? तरीसुद्धा घरी येताना रिक्षात मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या फक्त एकदा म्हणाल्या, "तो वाळलाय गं."

मला वाटलं कुंडीतल्या गुलाबाबद्दल म्हणतायत. त्या मुलाबद्दल म्हणत होत्या.

दवाखाना पहिल्या तारखेला बंद झाला. आतली कपाटं टेम्पोत चढली, बाक तेवढा राहिला. सासूबाईंनी त्या रस्त्याने जाणं सोडलं, दूध आणायलासुद्धा मागच्या गल्लीने जायच्या. वही लिहिणंही थांबलं. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडलेली नसे. आणि मायलेक एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "आईला विचार, गोळ्या आहेत का." "त्याला सांग, आहेत." एवढ्याशा घरात मी टपाल पोचवत हिंडत होते.

मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघं गच्चीत कपडे वाळत घालत होतो. नवरा चादर पिळत होता. पिळता पिळता थांबला आणि म्हणाला, "पाणी मागितलं होतं."

"कुणी?"

"भाऊंनी. त्या सभेत. वचन दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'अरे, जरा पाणी दे रे कुणीतरी.' मीच दिलं पाणी. बस. एवढंच होतं ते."

चादरीतून पाणी गळत होतं. मला संताप आला. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अधिकाऱ्याच्या खोलीत आई 'असू शकतील' म्हणाली, तेव्हा हा फायली चाळत होता.

"आईंना सांग," मी म्हटलं.

"आता काय उपयोग?"

"सांग तरी."

"तूच सांग," तो म्हणाला आणि खाली गेला.

दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, अगदी कानाशी जाऊन, म्हणजे परत म्हणावं लागू नये. सासूबाई मटार सोलत होत्या. हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले. म्हणाल्या, "पाणी." मग पुन्हा, "पाणी मागितलं होय."

मला वाटलं आता रडतील. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि सरळ त्याच्या खोलीत गेल्या. तो सदऱ्याची बटणं लावत होता.

"भाऊंनी पाणी मागितलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो."

"हे त्या साहेबांपुढे सांगशील?"

"आई, निकाल लागलाय. दवाखाना हलला. आता सांगून काय होणार? माझी नोकरी जाईल, एवढंच होईल."

"काय होईल ते मी विचारलं नाही रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सांगशील का, एवढंच विचारलं."

तो निघाला. दारापर्यंत जाऊन परत आला, त्यांच्या समोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि पुन्हा निघून गेला.

मी म्हटलं, "आई, मग आता वहीत ती जागा भरून टाका." त्यांनी मान हलवली. "मला ऐकू आलेलं नाही. त्याला आलंय. भरायचं तर त्याने भरावं."

पुढच्या मंगळवारी त्या एकट्या बसने नव्या केंद्रावर गेल्या. गोळ्या संपल्याच होत्या, पण मुख्य काम वेगळं होतं. मामांची बदली तिथेच झाली होती. रांगेत पाऊण तास उभ्या राहून खिडकीशी पोचल्यावर त्यांनी मामांना सांगितलं, की ते शब्द काय होते ते मला कळलंय. पाणी मागितलं होतं. कुणाकडून कळलं, ते मामांनी विचारलं नाही. त्यांनी गोळ्यांची पाकिटं मोजून दिली आणि म्हणाले, "परतीची बस साडेअकराची आहे, बाई. ती चुकली तर एक वाजता." हे सासूबाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं, त्याच सपाट आवाजात. त्यावर स्वतःचं काही म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बोलले ना माझ्याशी. पुष्कळ झालं."

आता निवडणूक आली आहे. भाऊ पुन्हा उभे आहेत. परवा वर्तमानपत्रातून त्यांचं पत्रक आलं. भाषा माझ्या नवऱ्याची आहे, मी त्याची वाक्यं ओळखते. त्यात रस्ते आहेत, दिवे आहेत, बाग आहे. दवाखान्याबद्दल एक अक्षर नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. भाऊंच्या कार्यालयात त्यावरून वाजलं, असं तो म्हणाला. दवाखान्याच्या आधुनिकीकरणावर एक परिच्छेद हवा होता आणि तो याने लिहिला नाही. विसरलो म्हणाला. नोकरी गेली नाही अजून, पण भाऊ त्याला आता गाडीत बरोबर घेत नाहीत.

सासूबाईंनी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, उलटं करून पाठही पाहिली. घडी घातली.

आज मंगळवार. सकाळी त्याने स्कूटर बाहेर काढली, पुसली आणि मला म्हणाला, "तिला सांग, मी सोडतो."

मी म्हटलं, "तूच सांग."

तो सांगेपर्यंत सासूबाई पिशवी घेऊन जिना उतरल्यासुद्धा. मी गॅलरीत आले. त्या कडेकडेने बसथांब्याकडे चालल्या होत्या आणि हा स्कूटर बंदच ठेवून, नुसती ढकलत, त्यांच्या मागे. थांब्यावर दोघं शेजारी उभे राहिले. त्याने काहीतरी म्हटलं. त्यांनी कान त्याच्याकडे वळवला. त्याने पुन्हा म्हटलं. मग बस आली, त्याने त्यांची पिशवी धरली, त्या वर चढल्या, त्याने पिशवी आत दिली. बस गेल्यावरही तो स्कूटरला टेकून तिथेच उभा होता. कामावर जायची वेळ केव्हाच टळून गेली होती.